सगळ्यात वर आम्हीच

आत्या रोज सकाळी दुकान उघडण्याआधी स्वतःला शोधायची.

शटरला अजून कुलूप असायचं. ती पायरीवर रुमाल टाकून बसायची, थर्मासच्या झाकणात चहा ओतायची, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायची आणि फोनवर दुकानाचं नाव टाइप करायची. एका बोटानं, एकेका अक्षराला टाका घातल्यासारखं. पडद्यावर एक गोल फिरायचा, थांबायचा, आणि सगळ्यात वर दुकान यायचं. शटर, पाटी, दारात किंचित अवघडून उभी असलेली ती, खाली पत्ता. फोन हातभर लांब धरून ती नीट बघायची आणि म्हणायची, "आहोत."

मग शटर वर जायचं.

दुकान औषधांच्या दुकानात आणि झेरॉक्सच्या दुकानात चेपून बसवल्यासारखं होतं. मध्ये उभं राहून हात पसरले तर बोटं दोन्ही भिंतींना टेकत. छताच्या आकड्यांना दप्तरं, पर्सेस, हँडल तुटलेल्या सूटकेसेस लटकत. गोंदाचा आणि मेण लावलेल्या दोऱ्याचा वास दाराबाहेरही दोन पावलं यायचा. मागच्या भिंतीशी, जिथे वरच्या झरोक्यातून उजेड पडतो तिथे, मोठं काळं मशीन होतं. बॅगांच्या तळाचं जाड रेक्झिनही ते कागद टोचावा तसं टोचायचं. आत्याचा धंदा बॅग दुरुस्तीचा. त्यातही चेन हा तिचा खास प्रांत. चेन बिघडली की लोक म्हणतात, बदला. आत्या आधी रनर बघायची, म्हणजे चेनवर सरकणारा तो छोटा तुकडा. बहुतेक वेळा त्याचं तोंड सैल झालेलं असायचं. पक्कडीनं एक हलका चिमटा, आणि चेन मुकाट्यानं सरळ. मग ती डोळे मिटून चेन उघडायची, लावायची, उघडायची. कानाला पटलं तर बॅग परत द्यायची.

पाटीवर आजोबांचं नाव होतं आणि पुढे 'अँड सन्स'. नाव उन्हानं उडालं, 'सन्स' राहिलं. अख्खी गल्ली दुकानाला सन्स म्हणायची, फोनवरही तेच नाव होतं. आजोबांनी ती पाटी लग्नानंतर लगेच, मोठ्या भरवशानं रंगवून घेतली होती. पुढे त्यांना एक मुलगा झाला आणि एक मुलगी. मुलगा म्हणजे माझे बाबा. त्यांना गोंदाच्या वासानं चक्कर यायची, म्हणून ते विम्याच्या कचेरीत चिकटले. आजोबांचा हात थरथरायला लागला तेव्हा मशीनवर मुलगी बसली. कुणी नवखा दारात येऊन "मालक आहेत का?" असं विचारायचा. आत्या दोरा दातांनी तोडत म्हणायची, "बोला. सन्स मीच."

एम.ए. करताना मी आत्याकडे राहायला होते. घरात आत्या, तिची मुलगी आणि मी, एवढीच माणसं. आतोबा फार आधी गेले होते. मुलीला मी ताई म्हणते. ताई लहानपणी दुकानातच दुपारची झोपायची, झाकण तुटलेल्या एका मोठ्या सूटकेसमध्ये. मोठी होऊन ती ब्रँडिंगच्या कंपनीत लागली. हे काम नक्की काय, हे आत्याला पटेल असं तिला कधीच सांगता आलं नाही. जेवताना हा विषय हमखास निघायचा.

"तू दिवसभर विकतेस तरी काय गं?"

"मी विकत नाही, आई. मी आठवण तयार करते."

"कसली आठवण?"

"माणसाला एखादी वस्तू हवी झाली की कुठलं नाव आधी आठवावं, त्याची."

"आधी हवी तर होऊ दे त्याला."

"त्याच्याआधीच पोचायचं असतं. तेच तर काम."

आत्या घास हातात धरून विचार करायची. "म्हणजे तहान लागायच्या आत पेला घेऊन मागे मागे फिरायचं."

"साधारण तसंच."

"आणि याला शिक्षण लागतं?"

ताई हसायची, पण कधीकधी मनापासून समजावायचीही. म्हणायची, माणूस फोन चाळत बसलेला असतो. एक रंग त्याच्या डोळ्यासमोरून जातो. उद्या परत जातो. परवा त्याची मैत्रीण त्याच रंगाचं खोकं उघडताना दिसते. त्याला वाटतं, आपण यातलं काहीच बघितलं नाही. पुढे एक दिवस त्याची वस्तू बिघडते, तो शोधायला बसतो, समोर नावांची रांग येते आणि त्याचा अंगठा एका नावाशी थांबतो. का थांबला, हे त्याला माहीत नसतं. अंगठ्याला वाटलेलं असतं, हे आपल्या ओळखीचं. डोकं मग मागाहून कारण शोधतं, की चांगलंच असणार.

"अंगठा बरा हुशार," आत्या म्हणायची.

त्याच सुमारास 'नवीजुनी' नावाची कंपनी आली. घरून बॅग घेऊन जायची, दुरुस्त करून पिवळ्याधमक खोक्यात परत पाठवायची. लोक ती खोकी उघडतानाचे व्हिडिओ टाकायचे. वरचा पातळ कागद बाजूला होतो, बॅग दिसते, कुणीतरी "अय्या!" म्हणतं. कामही बरं करायचे, उगाच कशाला नावं ठेवा. त्यांचं ब्रँडिंग ताईच्याच कंपनीकडे आलं आणि त्यांची ओळ ताईनंच लिहिली. 'बॅग तीच, प्रवास नवा.' तिनं घरी येऊन पहिल्या दिवशीच सांगून टाकलं.

"आई, ते काम माझ्याकडे आलंय."

"मग कर की. काम आहे ते."

"तुझ्याच धंद्यातले आहेत."

"जगात बॅगा काय कमी आहेत?"

एवढ्यावर आत्या थांबली नाही. तिनं नवीजुनीचं पान आपल्या फोनवर लावून घेतलं आणि त्यांच्या प्रत्येक व्हिडिओला बदाम देऊ लागली. "दोरा जरा जाडा वापरतात," ती म्हणायची, "पण फोटो सुरेख काढतात हो."

मग छताचे आकडे रिकामे व्हायला लागले.

एकदम नाही. केस विरळ होतात तसं, रोज बघणाऱ्याला कळू नये अशा बेतानं. दप्तरं येत होती, कारण शाळा जवळ होती. पर्सेस कमी झाल्या. सूटकेसेस जवळजवळ थांबल्या. आत्या मात्र काही ना काही बदलत राहिली. एका सुटीत तिनं दुकानाला फिकट निळा रंग काढला. दाराशी नवं पायपुसणं आलं. गोंदाचा वास जावा म्हणून ती सुगंधी फवारा मारायची, त्यामुळे दोन्ही वास मिळून तिसराच काहीतरी तयार व्हायचा. केसांना तिनं आयुष्यात पहिल्यांदा कलप लावला आणि दारात उभं राहून माझ्याकडून नवा फोटो काढून घेतला. "जरा हसू की नको?" असं मला दहादा विचारलं. झालेलं काम ती उसवून पुन्हा करायची. आम्ही म्हणायचो, वय झालं की माणूस असं अस्वस्थ होतं.

सकाळचा शोध मात्र चालूच होता. "आहोत" तेवढं बारीक होत गेलं. शेवटी शेवटी ते नुसते ओठ हलल्यासारखं वाटायचं.

एक दिवस जेवताना तिनं सांगितलं, "शनिवारी मशीनवाला येतोय. मशीन बघून जाईल, पटलं तर लगेच नेईल. मग दुकान सोडायचं."

ताईचा घास तोंडातच राहिला. "असं अचानक?"

"अचानक कसलं! किती वर्षं बसायचं माणसानं?"

"गुडघ्यांमुळे का?"

"गुडघ्यांमुळेच समज," आत्या म्हणाली आणि पाणी आणायला उठली. गुडघे अजिबात न दुखणाऱ्या माणसासारखी उठली.

ते मशीन गेलं की दुकान जाणार होतं, आणि दुकान गेल्यावर आत्याचं काय उरणार होतं हे आम्हा दोघींना माहीत होतं. पण ती स्वतःहून सोडतेय म्हटल्यावर अडवायचं कशाच्या जोरावर? ताई त्या आठवड्यात ऑफिसातून लवकर यायची आणि उगाच भांडी पुसत राहायची.

मी विद्यापीठात मैत्रिणींना सांगून ठेवलं, कुणाच्या बॅगांचं काही काम असेल तर शनिवारच्या आत करून घ्या. ग्रंथालयात माझ्याशेजारी बसलेल्या मैत्रिणीनं लगेच फोन काढला आणि 'बॅग दुरुस्ती' असं शोधलं.

"सापडत नाहीये गं. नाव काय म्हणालीस?"

"थांब, सगळ्यात वरच असेल."

तिनं फोन माझ्याकडे दिला. सगळ्यात वर पिवळं खोकं होतं. त्याखाली आणखी एक पिवळं खोकं. मग नव्या बॅगा विकणारी दुकानं. मग मेणबत्ती घासून चेन कशी दुरुस्त करायची हे दाखवणारा एक हौशी माणूस. मग नवीजुनी किती छान आहे हे सांगणारे लोक. मी अंगठ्यानं खाली जात राहिले. कुलपं विकणारा एक जण लागला. तंबू भाड्यानं देणारा लागला. सन्स कुठेच नव्हतं.

बाहेरच्या जिन्यात येऊन मी ताईला फोन लावला.

"माहितीय मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. अगं, आई दुकानाचं नाव टाकून शोधते. नाव घेऊन हाक मारली तर ज्याचं नाव तोच ओ देणार ना? पण चेन तुटल्यावर 'सन्स' असं कोण शोधायला बसतं?"

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

पलीकडे कुणीतरी प्रिंटर चालू केला. ताई त्या आवाजापासून लांब गेली.

"रोज सकाळी ती जगात पहिली येते. ते मी काढून घेऊ तिच्याकडून? आणि तिच्या जागी वर कोण बसलंय, तर मी लिहिलेली ओळ." मग आवाज सावरून म्हणाली, "आता तर बंदच करतेय ती. जाऊ दे तिला पहिलीच राहून."

मला ते पटलं. खरं तर बरंच पटलं.

शनिवारी मशीनवाला आला. हा जुनी शिलाई मशीनं घेऊन विकायचा. धिप्पाड माणूस, कानावर पेन्सिल, आवाज दुकानापेक्षा मोठा. ताईनं रजा काढली होती. ती आणि मी कॅनव्हासची भेंडोळी, बक्कलांचे डबे खोक्यांत भरत होतो. मशीनवाल्यानं रेक्झिनचा एक तुकडा सुईखाली सरकवला, चाकाला हात दिला, आणि मशीन धडधडत सरळ रेषेत धावलं.

"काय गातंय हो, बाई!"

"गात नाही, बडबडतं. तेल कमी पडलं की त्याची बडबड वाढते."

"हात चालतोय, मशीन चालतंय. मग विकताय कशाला? माझंच नुकसान करतोय विचारून, पण विचारतो."

आत्यानं मशीनवरचं फडकं घडी केलं. मग फोन काढला, एका बोटानं टाइप केलं आणि त्याच्यासमोर धरला.

"हे बघा. सगळ्यात वर आम्हीच. रोज बघते मी, एक दिवस खाडा नाही. म्हणजे ज्याची बॅग तुटली, त्याला सगळ्यात आधी आम्ही दिसतो. दिसतो, आणि तो खाली जातो. दुसऱ्याकडे जातो. एखादा गेला तर म्हणू, त्याची मर्जी. पण सगळेच बघून पुढे जात असतील तर खोट आपल्यात आहे, नाही का?"

आत्या हिशेबानं, शांतपणे बोलत होती, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी.

"आधी वाटलं, दुकान कळकट दिसतं. रंग दिला. मग वाटलं, फोटोत मीच म्हातारी दिसते. केस काळे केले. मग वाटलं, काम घसरलं असेल आपलं, आपल्याला कळत नसेल. उसवून परत घातले टाके. आता काय बदलू? बदलण्यासारखं काही राहिलंच नाही. उगाच लोकांसमोर रोज कशाला उभं राहायचं?"

ताईच्या हातातलं भेंडोळं सुटलं आणि कॅनव्हास जमिनीवर उलगडत दारापर्यंत गेलं. कुणी उचललं नाही.

"आई," ती म्हणाली, "तू वर नाहीस."

"अगं, हे काय समोर!"

"तू नाव टाकतेस म्हणून. तू कुठेच नाहीस, आई." मग ती मशीनवाल्याकडे वळली. "जरा तुमचा फोन देता?"

त्यानं निमूटपणे दिला. ताई आत्याच्या शेजारी जाऊन बसली. "समज, तू सन्स नाहीस. तू रस्त्यावरची कुणीतरी आहेस आणि तुझ्या पर्सची चेन बिघडलीय. तू काय लिहिशील?"

"चेन अडकली."

ताईनं तेच लिहिलं. पिवळी खोकी आली. आत्यानं फोन हातात घेतला आणि चष्मा पुढे ओढून बघायला लागली.

"ही पिवळी तुमचीच ना?"

"हो."

"ही पण?"

"ती पण."

"हा मेणबत्ती घेऊन कोण बसलाय?"

"आहे एक."

"आम्ही कुठे आहोत?"

"अजून खाली."

आत्याचं बोट खाली खाली जात राहिलं. "अजून?"

"तिथवर कोणी जात नाही, आई. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

ताईचा आवाज फुटला. मी जमिनीवरच्या कॅनव्हासकडे बघत राहिले. आता आत्या रडेल, मला वाटलं, आणि आपण तिच्याकडे बघत असायला नको.

आत्याचे खांदे हलायला लागले. मी वर बघितलं. ती हसत होती. आधी आवाज न करता, मग चष्मा काढून, मग मशीनवर हात टेकून.

"अगं म्हणजे त्यांनी मला बघितलंच नाही!"

"नाही."

"बघून पुढे नाही गेले?"

"बघितल्याशिवाय पुढे कसे जातील?"

"केसांमुळे नाही? टाक्यांमुळे नाही?"

"कशामुळेच नाही गं!"

"हुश्श," म्हणत ती स्टुलावर बसली, पाय लांब केले, आणि पदर नव्हता म्हणून हातातल्या फडक्यानंच तोंड पुसलं. माणसाचा जीव भांड्यात पडतो म्हणतात, तो पडताना मी तेव्हा समोर बघितला. चेहऱ्यावरचं काहीतरी खाली उतरलं आणि त्याखालची जुनी आत्या वर आली. मग तिनं ताईच्या पाठीत एक धपाटा घातला.

"गधडे! इतके दिवस तोंडाला कुलूप? रोज सकाळी निकाल बघायला बसत होते मी. पहिला नंबर बघायचा आणि नापास होऊन शटर उघडायचं!"

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"दिसत नाही याचं वाईट? शटर लावलेल्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं नाही म्हणून कोणी रडतं का?"

ताई रडतही होती आणि हसतही होती. मशीनवाला खाकरला.

"म्हणजे मी काय समजू, बाई?"

"तुम्ही चहा घ्या."

"चहा घेतो हो. पण मी गाडी घेऊन आलोय. ती काय रिकामी नेऊ?"

"न्या की. हलकी पळेल."

"माझाच फोन आणि माझाच सौदा गेला," तो म्हणाला, पण त्याला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. जाताना त्यानं कॅनव्हासचं भेंडोळं गुंडाळून दिलं, आणि मशीनला पाठीवर थोपटावं तसं थोपटलं.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. आम्ही तिघी अर्धं शटर वर करून दुकानात बसलो. ताईनं एका उभ्या सूटकेसवर लॅपटॉप ठेवला आणि लगेच भांडणाला सुरुवात झाली.

"पहिलं म्हणजे 'सन्स' काढायचं."

"सन्स राहणार."

"आई, त्यावरून कोणाला काही कळत नाही."

"मग कळव. त्याचाच पगार घेतेस ना?"

"'चेनवाली' किती छान नाव आहे!"

"चेनवाली कोण? सन्स मी आहे."

नावावर तोडगा निघाला नाही, म्हणजे सन्स राहिलं. मग ताईनं विचारलं, "बरं, लोक दारात आल्या आल्या काय म्हणतात? तू समजतेस ते नको, त्यांच्या तोंडचं सांग."

आत्या आठवून आठवून सांगत गेली. चेन अडकली. चेन फाकली. चाक निघालं. पट्टा तुटला, उद्या गावाला जायचंय. ही माझ्या आईची आहे, होईल का काही? ताईची बोटं त्या शेवटच्या वाक्याशी थांबली, मग तेही तिनं जसंच्या तसं उतरवलं. दुकानाच्या नावाखाली, जिथे आधी नुसता पत्ता होता, तिथे ही सगळी वाक्यं गेली. ऑफिसात सांगून ताईनं पिवळ्या खोक्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवलं. साहेब हसले म्हणे, "एवढ्याशा दुकानासाठी?" ताई म्हणाली, "हो, एवढ्याशाच."

तिनं एक व्हिडिओही केला. गाणं नाही, बोलणं नाही. एक अडकलेली चेन, आत्याचे दोन हात, पक्कडीचा चिमटा, आणि मग चेन सर्रकन शेवटपर्यंत जाते तो आवाज.

"चेहरा नाही घेतलास?" आत्यानं विचारलं.

"हातच पुरेत."

"म्हणजे कलप फुकट गेला."

पुढे काही गर्दी उसळली नाही. तसं ताईनं सांगितलंही होतं, पिवळ्या खोक्यांना हटवणं आपल्या आवाक्यातलं नाही. अनोळखी माणूस शोधायला लागला की सन्स आता मधेच कुठेतरी यायचं, मेणबत्तीवाल्याच्या खाली. "त्याच्याखालीच बरं," आत्या म्हणायची, "त्याचं बघून ज्यांचं बिघडतं, ते सरळ आपल्याकडे." आकड्यांना पुन्हा पर्सेस दिसायला लागल्या. एक सूटकेस आली, मग दुसरी. सकाळची पायरीवरची बैठक कधी सुटली, ते आमच्या लक्षातही आलं नाही. फवारा संपला आणि नवा आला नाही. केसांच्या मुळाशी पांढरं दिसू लागलं, ते तसंच वाढू दिलं.

मग एक अभिप्राय आला. पाचपैकी दोन तारे. 'काम चांगलं. बाई फार बोलतात.'

ताई धावतपळत दुकानात आली. "आई, तू उघडू नकोस. मी गोड शब्दांत उत्तर लिहिते."

आत्यानं तोवर तो शेजारच्या औषधवाल्याला वाचून दाखवला होता. झेरॉक्सवाल्यालाही दाखवून झाला होता. "बघितलं गं कोणीतरी!" ती सांगत होती. "आला, बसला, ऐकलं, कंटाळला, आणि घरी जाऊन लिहिलंसुद्धा. याला म्हणतात पसंत न पडणं. हे मला चालतं. याचं काहीतरी करता येतं."

"काय करणार आहेस?"

"कमी बोलेन."

त्या दिवशी तिनं खरंच प्रयत्न केला. मी दुपारी तिथेच होते. एक बाई फोन हातात धरून दारावरून पुढे गेली, थांबली, फोनकडे बघत मागे आली आणि आत डोकावली. तिच्या हातात तपकिरी पर्स होती, चेन अर्ध्यावर फाकलेली.

"इथे चेन..."

आत्यानं हात पुढे केला. पर्स उजेडाकडे नेली, रनर वरखाली करून पाहिला. ही पर्स किती जुनी, कुणी दिली, अस्तर कुठल्या कापडाचं, हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसत होतं. ताई खोक्यामागे तोंड लपवून हसत होती. आत्यानं ओठ दाबून धरले, पर्स आकड्याला लावली, आणि एवढंच म्हणाली,

"गुरुवारी या. येताना पिशवी आणा, इथे पिशवी मिळत नाही."